हर्पीसच्या मेंदूज्वरानंतरची दुसरी लाट: एका एसटी कंडक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णाच्या आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि बसचा मार्ग बदलले आहेत.

रुग्ण ४७ वर्षांचे, एसटीत कंडक्टर. सातारा-पुणे मार्गावर २२ वर्षांची नोकरी. आगारात सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात, म्हणून इथेही मास्तरच. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दारू नाही. तंबाखू होती.

एका सोमवारी ते ड्यूटीवरून आले ते अंगात कणकण घेऊनच. दोन दिवस ताप आणि डोकेदुखी. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं. तिसऱ्या दिवशी ते सारखं म्हणू लागले की घरात काहीतरी जळतंय. पत्नीने गॅस पाहिला, वायरी पाहिल्या, शेजारी जाऊन विचारून आली. कुठे काही जळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी पत्नीला थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि संध्याकाळी ताटावरच फिट आली. रात्री साडेदहाला ते आमच्या रुग्णालयात पोचले.

नसलेला वास येणं ही फार बोलकी खूण आहे. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, टेम्पोरल लोब, तिथे वास, आठवण आणि भावना अगदी शेजारी शेजारी राहतात. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू मेंदूत शिरला की त्याची आवडती जागा तीच. हा काही दुर्मीळ विषाणू नाही. तापानंतर ओठाच्या कडेला जे फोड येतात ते याचेच. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या गाठीत तो कित्येक माणसांमध्ये जन्मभर गपचूप पडून असतो. दर वर्षी दहा लाखांत दोन-चार जणांच्याच मेंदूत तो का चढतो, याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही.

आपल्याकडे ताप आणि भ्रम एकत्र दिसले की डॉक्टरच्या डोक्यात मोठी यादी येते: डेंगी, स्क्रब टायफस, मेंदूचा क्षय, जपानी मेंदूज्वर. विदर्भात चांदिपुराही त्यात येतो. तो विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदिपुरा गावच्या रुग्णांत सापडला, नावही गावाचंच. यादीत हर्पीसही असतो. यादीतल्या विषाणूंपैकी त्याच्यावरच नेमकं औषध आहे आणि ते उशिरा दिलं तर फारसा उपयोग नाही. उपचार झाले नाहीत तर दहातले सात रुग्ण दगावतात. १९८० च्या दशकात स्वीडन आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी ॲसायक्लोव्हिर हे आधीच्या औषधापेक्षा सरस ठरवलं, आणि तेव्हापासून संशय आला की सुई सुरू करायची, रिपोर्टची वाट पाहायची नाही, हा नियम झाला.

आम्ही तो पाळला. त्याच रात्री ॲसायक्लोव्हिर सुरू केलं, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. पाठीतलं पाणी काढायला भावाचा विरोध होता. ‘पाठीत सुई घातली की माणूस कमरेतून जातो’ हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्याला मॉडेल दाखवलं, सुई कुठे जाते आणि मज्जारज्जू कुठे संपतो ते बोट ठेवून सांगितलं. पंधरा मिनिटं गेली, पण सही मिळाली. पाण्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, साखर ठीक. हर्पीसचा पीसीआर पॉझिटिव्ह. एमआरआयमध्ये डावा टेम्पोरल लोब सुजून पांढरा दिसत होता.

पूर्ण २१ दिवस औषध दिलं. मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून सलाईन आणि क्रिएटिनिनवर रोज लक्ष. मास्तर सुधारले. आठवण तपासायला मी त्यांना पाढे किंवा महिने विचारले नाहीत. बसचे थांबे विचारले. घरी सोडायच्या सकाळी त्यांनी पलंगावर मांडी घालून म्हणून दाखवले: कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, लिंब फाटा, सातारा. मध्ये शिरवळला अडखळले, दोन मिनिटं थांबले, आणि मग स्वतःच सापडल्यासारखे हसले.

फिटवर लेव्हेटिरासेटाम चालू ठेवून आजाराच्या २५ व्या दिवशी डिस्चार्ज दिला. कार्डावर लिहिलं: महिन्याने फेरतपासणी. ताप किंवा फिट आल्यास लगेच यावे.

अडचण

घरी गेल्यावर नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवसापासून झोप गेली. रात्री तीनला उठून ते दाराशी उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सुटे पैसे मागत. मग पत्नीने वाढलेलं अन्न खाईनात. त्यात काहीतरी घातलंय म्हणायचे. मुलीवर हात उचलला. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते.

पत्नीने फोन केला. फोन माझ्यापर्यंत आला. मी तिला म्हटलं, “ताई, फिटच्या गोळीने काही जणांना राग येतो. आपण गोळी बदलू.” हे खोटं नव्हतं. लेव्हेटिरासेटामने चिडचिड होते, हे रोज दिसतं. त्यामुळेच ते कारण मला इतकं सहज पटलं. ताप विचारला, नाही. फिट विचारली, नाही. मग माझ्या दृष्टीने घाई नव्हती. गोळी बदलली, झोपेसाठी एक औषध सांगितलं आणि आठवड्याने यायला सांगितलं.

चार दिवसांनी तिने पुन्हा फोन केला. “डॉक्टर, हा राग नाही. रागात माणूस आपलं माणूस असतो. हे दुसरंच कुणीतरी आहे.” मी ते ऐकलं आणि धीर धरायला सांगितलं. मेंदूला इजा झाली आहे, स्वभाव बदलतो, वेळ लागतो, असं काहीतरी बोललो.

पहिल्या फोननंतर आठव्या दिवशी ती त्यांना रिक्षात घालून घेऊन आली. तेव्हा मास्तरांचं बोलणं जवळपास थांबलं होतं. ओठ आणि जबडा सारखे चावल्यासारखे हलत होते, जीभ आत-बाहेर होत होती, उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी दाबत होती. पत्नी म्हणाली, तिकिटाचं मशीन. ताप नव्हता. थांबे विचारले तर ‘कात्रज, कात्रज, कात्रज’ इतकंच, एका सुरात.

समोरचे पर्याय

प्रश्न थोडक्यात असा होता: विषाणू परत आला आहे, की विषाणू गेल्यावर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे? दोन्हींचे उपचार परस्परविरोधी दिशेचे. विषाणू असेल तर विषाणूविरोधी औषध हवं आणि प्रतिकारशक्ती दाबणं धोक्याचं. प्रतिकारशक्ती उलटली असेल तर तीच दाबायला हवी, आणि ॲसायक्लोव्हिर कितीही दिलं तरी ते वाया.

दुसरी शक्यता कुठून आली हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुण स्त्रियांचा आजार वर्णन केला. वेडसर वागणं, मग बोलणं बंद, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली, फिट. अंडाशयात टेराटोमाची गाठ. त्या गाठीतल्या मेंदूसारख्या पेशींविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली होती आणि ती खऱ्या मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर जाऊन बसत होती. मज्जापेशींनी एकमेकींशी बोलण्यासाठी, नवी आठवण घडवण्यासाठी हा रिसेप्टर लागतो. प्रतिपिंडं त्याला मारत नाहीत. जोड्या-जोड्यांनी पकडून ती त्याला पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढून नेतात. पेशी जिवंत, पण बहिरी. केटामाइनसारखी औषधं हाच रिसेप्टर बंद करतात आणि त्यांनी माणूस जसा भ्रमिष्ट किंवा ताठ होतो, त्याची आठवण हा आजार पाहताना हटकून येते. आणि पेशी मेलेली नसल्यामुळेच इथे परतीची वाट असते.

पुढे २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हर्पीस मेंदूज्वराच्या ४४ रुग्णांचे साठवलेले नमुने तपासले तर त्यातल्या १३ जणांत हीच प्रतिपिंडं सापडली. २०१८ मध्ये स्पेनमधल्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट केलं. ताइस अर्मांग्वे, दालमाऊ आणि इतरांनी हर्पीसच्या ५१ रुग्णांवर पहिल्यापासून लक्ष ठेवलं. १४ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, दुसरा, प्रतिकारशक्तीचा आजार झाला. बहुतेकांना दोन महिन्यांच्या आत. चौदाही जणांत प्रतिपिंडं होती, नऊ जणांत एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत हातपाय वळवळणं आणि शुद्ध हरपणं जास्त दिसलं, मोठ्यांत वेडसरपणा. विषाणू मज्जापेशी फोडतो, आतली प्रथिनं बाहेर सांडतात, आणि पहाऱ्यावरच्या पेशी त्यांना परकी समजतात, असं समजलं जातं.

चारातल्या एकाला. इतकं सामान्य असलेलं काही मला फोनवर आठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पर्यायांकडे. पहिला: फक्त ॲसायक्लोव्हिर पुन्हा द्यायचं आणि प्रतिपिंडांच्या रिपोर्टची वाट पाहायची. नमुना बाहेरगावी जाणार होता, आठवडा तरी लागणार होता. दुसरा: रिपोर्टसाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करायचं. विषाणू खरंच असेल तर आपण त्याला रान मोकळं करून देऊ, ही भीती. तिसरा, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. घरच्यांपैकी दोघांचा आग्रह तोच होता, आणि तो अगदी अवाजवी नव्हता, कारण बाहेरून दिसत होतं ते तेच. चौथा: मोठ्या शहरात हलवायचं. त्या अवस्थेत तीन-चार तासांचा प्रवास मला नको वाटत होता.

काय केलं

मधला मार्ग काढला, आणि तो पुन्हा वेळ आली तरी मी काढेन. दाखल होताच पाठीतलं पाणी पुन्हा घेतलं. या वेळी भावाने काही न विचारता सही केली. पीसीआर आमच्याकडे दोन दिवसांत येतो. तेवढे दोन दिवस ॲसायक्लोव्हिर चालू ठेवलं. एमआरआयमध्ये जुन्या जागेपलीकडे ताजं नुकसान दिसत नव्हतं. ताप नव्हता. मुख्य म्हणजे, चेहऱ्याच्या अशा हालचाली हर्पीस परतल्यावर सहसा दिसत नाहीत. पीसीआर निगेटिव्ह आला त्या दुपारी ॲसायक्लोव्हिर बंद करून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, रोज १ ग्रॅम, पाच दिवस.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चौकशी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी केली. प्रतिकारशक्ती दाबली की झोपलेला क्षय उठतो. आपल्याकडे ही पायरी वगळून चालत नाही.

एक चूक या टप्प्यावरही झाली. दुसऱ्या रात्री मास्तर फार अस्वस्थ झाले, सलाईन उपटलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलची सुई दिली. वॉर्डात भ्रमिष्ट रुग्णाला तीच दिली जाते, त्यांचं काही वेगळं नव्हतं. सकाळी मी पाहिलं तेव्हा मास्तरांचे हात लाकडासारखे कडक झाले होते, अंग तापलं होतं आणि रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्याची खूण, चढलं होतं. या आजारात अशी औषधं अनेकांना सोसत नाहीत, हे मला माहीत होतं. फाइलच्या पहिल्या पानावर मी ते लिहिलं नव्हतं. औषध थांबवलं, लोराझेपाम दिलं, थंड सलाईन, दोन दिवस अतिदक्षता विभाग. निभावलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. पाठीतल्या पाण्यात एनएमडीए रिसेप्टरची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह, रक्तात निगेटिव्ह. हे इथे आवर्जून लिहितो, कारण पाठीतलं पाणी टाळून नुसतं रक्त पाठवलं असतं तर आम्ही ‘हा आजार नाही’ म्हणून मोकळे झालो असतो.

स्टेरॉइडने हालचाली थोड्या कमी झाल्या, पण बोलणं परतलं नाही. पुढचा निर्णय पैशांचा होता. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, वजनाच्या दर किलोला एकूण २ ग्रॅम लागतं, पाच दिवसांत विभागून. मास्तरांचं वजन ६२ किलो. ५ ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या. खर्च लाखांत. प्लाझ्मा बदलणं त्यापेक्षा स्वस्त पडलं असतं, पण मानेत जाड नळी घालून, सतत हलणाऱ्या, नळ्या उपटणाऱ्या माणसाला मशीनला जोडून ठेवायचं होतं. मास्तरांची पत्नी, भाऊ आणि मी कँटीनच्या टेबलावर बसून हे सगळं कागदावर मांडलं. प्रत्येक उपचाराने काय मिळू शकतं, काय मिळणार नाही, मिळायची शक्यता किती, हे मी लपवलं नाही. आगारातल्या लोकांनी वर्गणी काढली. एका ड्रायव्हरने पगारातली उचल आणून दिली. इम्युनोग्लोब्युलिन दिलं.

दहा दिवस वाट पाहिली. मास्तर डोळ्याला डोळा देऊ लागले, पण ताठरपणा आणि मुकेपणा बराचसा तसाच. तेव्हा रिटुक्सिमॅबचे दोन डोस दिले, पंधरा दिवसांच्या अंतराने. हे औषध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला संपवतं, म्हणून परिणाम यायला आठवडे लागतात. ते आठवडे घरच्यांना फार जड गेले. रोज सकाळी पत्नी विचारायची, ‘आज?’

निष्पत्ती

दुसऱ्यांदा दाखल केल्यापासून ४३ व्या दिवशी मास्तर बोलले. नर्स सलाईनची बाटली बदलत होती. ते म्हणाले, “पुढे सरका.” गाडीत गर्दी झाली की म्हणतात तसं.

नंतरची सुधारणा हळू, पण थांबली नाही. तीन महिन्यांनी ते स्वतःच्या हाताने जेवत होते, मुलीला नावाने हाक मारत होते. गेलेल्या दोन महिन्यांतलं त्यांना काहीच आठवत नाही. वर्षाने त्यांना आगारात हलकं काम मिळालं. मार्गावर परत जाणं जमलेलं नाही. डाव्या टेम्पोरल लोबमध्ये हर्पीसने खाल्लेली जागा एमआरआयमध्ये रिकामी दिसते आणि तिथलं काही परत येणार नाही. टेराटोमाबरोबर होणाऱ्या या आजारात पूर्ण बरे होणारे रुग्ण मी पाहिले आहेत. हर्पीसच्या मागून येतो तेव्हा हिशेब वेगळा असतो: एक आजार मज्जापेशी बहिऱ्या करतो, दुसऱ्याने आधीच काही मारलेल्या असतात. बहिऱ्या झालेल्या परत ऐकू लागतात. मेलेल्या नाही.

फेरतपासणीला मी अजूनही थांबे विचारतो. गेल्या वेळी पाचवडनंतर ते थेट लिंब फाट्याला गेले. मी काही बोललो नाही. ‘सातारा’ म्हणून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “मधलं एक राहिलं. आनेवाडी.”

वेगळं काय करता आलं असतं

आठ दिवस. पहिल्या फोनपासून दाखल होईपर्यंतचे. त्यांनी नेमका किती फरक पडला असता हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पण या आजारात उपचार जितके लवकर, तितका परिणाम चांगला, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे, त्यामुळे ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत. चूक ज्ञानाची नव्हती. २०१८ चा अभ्यास मी वाचला होता. पण फोनवर मी ताप आणि फिट हे दोनच प्रश्न विचारले, कारण माझ्या डोक्यात परत येणारा आजार म्हणजे पहिलाच आजार होता. डिस्चार्ज कार्डावरही तेच दोन शब्द होते. पत्नीला काय पाहायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तरी तिने ते ओळखलं होतं.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. २१ दिवसांचा कोर्स संपताना सगळ्यांचं पाठीतलं पाणी प्रतिपिंडांसाठी पाठवावं का? स्पेनच्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या आत प्रतिपिंडं दिसलेल्यांना पुढे आजार होण्याची शक्यता बरीच जास्त होती. पण आजार न झालेल्या ३७ जणांपैकीही ११ जणांत ती सापडली होती. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचार करायचे की थांबायचं? माझे एक सहकारी म्हणतात, पाठवा, निदान सावध तरी राहू. मला वाटतं, त्या पैशांत आठ आठवडे दर आठवड्याला फोन करणारा माणूस ठेवता येईल. सध्या आम्ही फोन करतो. नर्सच्या टेबलावर वही आहे, त्यात हर्पीसच्या प्रत्येक रुग्णापुढे आठ चौकोन.

फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल अक्षरांत ‘हॅलोपेरिडॉल देऊ नये, आधी विचारा’ असा शिक्का मारतो.

कार्डही बदललं. नवा मजकूर मी लिहिला होता: ‘वर्तनात बदल किंवा मानसिक लक्षणे आढळल्यास संपर्क साधावा.’ फेरतपासणीला आलेल्या मास्तरांच्या पत्नीला तो दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, हे कुणाला कळणार आहे? मग तिने सांगितलं तसं लिहिलं. आता कार्डावर छापलं आहे: ‘ताप नसला तरी, दोन महिन्यांत माणूस रात्र रात्र झोपला नाही, घरच्यांवर संशय घ्यायला लागला, तोंड वेडंवाकडं हलवायला लागला किंवा तुम्हाला तो आपला वाटेनासा झाला, तर गोळी बदलायची वाट पाहू नका. त्याच दिवशी घेऊन या.’